सिस्टिम शून्य किलो घेत नाही : अंडी घातलेल्या कॉकाटीलचा दवाखाना

ठाण्यात प्राण्यांचे दवाखाने आता गल्लोगल्ली आहेत. पक्षी घेऊन जा, मग कळेल ते कोणासाठी आहेत!

आमची चिंगी कॉकाटील, म्हणजे तुरा असलेला छोटा पोपट. तिने एक दिवसाआड चार अंडी घातली. घरात नर नाही, पण अंडी घालायला तो लागत नाही. शेवटच्या अंड्याचं कवच खरखरीत आणि इतकं पातळ की बोट टेकलं तरी दबायचं. मग एका सकाळी ही पिंजऱ्याच्या तळाशी, पिसं फुगवून, श्वासागणिक शेपटी वरखाली. दांडी पायात धरवेना. दवाखान्यात फोन केला, "पक्षी बघता ना?" "हो, या ना." घोडबंदर रोडचं ट्रॅफिक पार करून गेलो.

काउंटरवरच्या फॉर्मवर कुत्रा, मांजर, इतर. 'इतर'वर खूण केली. पुढे वजन. काउंटरवरच्या मुलीने पिंजरा लॅब्रॅडॉरच्या काट्यावर ठेवायला लावला, मग चिंगीला माझ्या हातात देऊन रिकामा पिंजरा ठेवायला लावला. दोन्ही वेळा आकडा तोच. "मॅडम, सिस्टिम शून्य घेत नाही." घरी किचनच्या काट्यावर केलं होतं, ८४ ग्रॅम. "किलोत सांगा." शून्य दशांश शून्य आठ चार. सिस्टिम दशांशानंतर एकच आकडा घेते, म्हणजे पुन्हा शून्य. म्हटलं, शंभर ग्रॅम टाका. तर म्हणे, "डोस चुकला तर जबाबदारी कोणाची?" मुद्दा बरोबर होता, म्हणून तर आणखी डोकं फिरलं.

तेवढ्यात मॅनेजर आले. "पोपट ठेवायला बंदी आहे. परवाना दाखवा." आता हे एकदाच लिहून ठेवते, कोणाला तरी उपयोगी पडेल. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे ती आपल्याकडच्या पोपटांवर. कॉकाटील मूळचा ऑस्ट्रेलियाचा. विदेशी प्राण्यांच्या नोंदणीचा नियम २०२२ च्या दुरुस्तीतून आला, पण तो साइट्सच्या (वन्य जातींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीतल्या जातींना लागू आहे आणि कॉकाटील, बजरीगार त्या यादीतून वगळलेले आहेत. हे सगळं मी पिंजरा मांडीवर घेऊन त्यांना मोबाईलवर दाखवत होते आणि आमच्या मागून आलेला शिह त्झू कुत्रा नखं कापून घरीसुद्धा गेला. बाकावरचे एक काका म्हणाले, "परळला न्या, बाई साकरबाईंच्या हॉस्पिटलात." चांगलं ठिकाण आहे, पण धाप लागलेला पक्षी घेऊन भरदुपारी परळ?

शेवटी डॉक्टरच काही कामाला बाहेर आल्या, त्यांनी शेपटीची हालचाल पाहिली आणि पिंजरा उचलून आत नेला. "वजन नंतर लिहा गं."

आत सगळं भराभर झालं. पोट चाचपलं, एक्स-रे काढला. अंडं अडकलेलं नव्हतं, कॅल्शियम संपलं होतं. इंजेक्शन दिलं, उबेच्या पेटीत ठेवलं. संध्याकाळी बाईसाहेब दांडीवर.

डॉक्टरांनी सांगितलेलं, आठवेल तसं. अंडी उचलू नका, उचलली की ती भरपाईला आणखी घालते. तीन आठवडे राहू द्या, कंटाळून स्वतःच सोडते. अंडं अडकलंय असं वाटलं तर पोट दाबायचं नाही, आत फुटलं तर जिवावर बेततं. डॉक्टर मिळेपर्यंत पिंजऱ्याच्या एका बाजूला ३० अंशांच्या आसपास ऊब द्या, एसी आणि पंखा बंद. नुसत्या राळ्यावर आणि सूर्यफुलाच्या बियांवर कॅल्शियम भरून निघत नाही, समुद्रफेण टांगा. कोवळं ऊन उघड्या खिडकीतलंच, काचेतून आलेल्या उन्हाने डी३ जीवनसत्त्व तयार होत नाही. पाठीवरून हात फिरवायचा नाही, त्याने ती पुन्हा अंड्यावर येते. डोकं खाजवलेलं चालतं. पिंजऱ्यावर संध्याकाळी लवकर कापड टाका, दिवस आठ-दहा तासांचा झाला की अंडी थांबायला मदत होते. खोपा, खोका, कपाटाखालचा अंधारा कोपरा, सगळं बंद. अंड्यांवर बसलेली मादी सकाळी एकदम मोठी, घाण वासाची शी करते, त्याला घाबरू नका. तळाशी बसली, शेपटी हलली किंवा पाय लुळे पडले तर मात्र उद्यावर ढकलू नका.

आणि फोनवर "पक्षी बघता का" एवढंच विचारून निघू नका. "पक्ष्यांचे डॉक्टर आत्ता बसलेत का, आणि ग्रॅमचा काटा आहे का" असं विचारा. दुसऱ्या प्रश्नावर समोरची व्यक्ती अडखळली, तर पुढचा नंबर लावा.