‘मोठा’ आपण म्हणायचं नाही

जूनचा शेवटचा आठवडा. सकाळपासून झड लागलीय. अशा दिवशी लहान मुलाला जवळ घेऊन कवितेचं पुस्तक काढायला निमित्त लागत नाही.

सुरुवात ‘ये रे ये रे पावसा’नं करावी, हातातल्या पुस्तकात ते असो वा नसो. मांडीवर चार थापा: ये रे, ये रे, पाव, सा. पुढच्या तिन्ही ओळींनाही चारच. तीन-चार दिवस अख्खं म्हणावं. मग एके दिवशी ‘पाऊस आला’पाशी थांबून गप्प बसावं. ‘खोटा’ कानात घुमत असतोच, त्यामुळे ‘मोठा’ समोरून येतो. कधी नुसताच ‘ठा’ येतो, चालेल. पण मोठ्यांना ही तीन-चार सेकंदांची शांतता सोसत नाही. ते घाईनं शब्द पुरवतात आणि खेळ तिथंच बसतो.

दुसरी खोड अर्थ सांगायची. ‘करंगळी मरंगळी’ घ्या. आपलं बोट करंगळीवरून तळहात, मनगट, कोपर, खांदा असं चढत जातं, आणि हनुवटी ओलांडली की शब्द वेष पालटतात: भाताचं बोळकं, वासाचं नळकं, काजळाच्या डब्या, देवाजीचा पाट. तोंड, नाक, डोळे, कपाळ यांचं नावही नाही! ‘बोळकं म्हणजे तोंड बरं का’ म्हटलंत की गंमत गेली. ओठांवर बोट टेकवा, पुरे. बोळकं पाहिलेलंच नसेल तर भातुकलीतलं हातात द्या. ‘मरंगळी’चा अर्थ शोधत बसू नका, ती करंगळीच्या सोबतीला आलेली आहे.

पुस्तक घेताना एका पानावर एकच कविता बघावी. दोन असल्या तर नजर खालच्या चित्राकडे पळते. मग खालचा भाग कोऱ्या कागदानं झाकायचा. एका बैठकीला दोन कविता, एक जुनी, एक नवी. पाच-सात मिनिटं झाली की मिटायचं. तीच कविता आठवडाभर मागितली तर आठवडाभर तीच. विंदा करंदीकरांच्या बालकविता आधी स्वतःशी दोनदा मोठ्यानं म्हणून बघाव्यात. ठेका सापडला नाही तर मुलांसमोर जीभ अडखळते.

नुकतं वाचू लागलेलं मूल जोडाक्षरापाशी थबकतं, आणि तिथं लय तुटते. म्हणून त्याच्याकडे फक्त पालुपद द्यावं, बाकी आपण. पाहुण्यांसमोर ‘म्हणून दाखव’ मात्र नको. त्या दिवसापासून कविता म्हणजे परीक्षा.

पुस्तकं खालच्या खणात, मुखपृष्ठ दिसेल अशी ठेवावीत. फाटतील. सेलोटेप कालांतरानं पिवळी पडून सुटते. त्यापेक्षा पातळ कागदाची पट्टी आणि खळ बरी. चिकटवायचं काम मुलासमोरच काढावं, पट्टी दाबून धरायला त्याचा अंगठा पुरतो.