गडकोटांच्या साइटवर फाइल ब्राउझर: कुठवर आलं काम

फाइल ब्राउझर अखेर साइटवर चढला. फोटो, हाताने काढलेले नकाशे, वाटांच्या जीपीएक्स फाइली (जीपीएसवर नोंदलेल्या वाटेचे बिंदू) असं सगळं आता त्या त्या गडाच्या फोल्डरमध्ये जाऊन उघडता येतं.

त्यासाठी वेगळा बॅकएंड, म्हणजे सर्व्हरवरचा प्रोग्राम, लिहिला नाही. सर्व्हरवर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर होताच. त्याच्या ऑटोइंडेक्सचा (फोल्डरची यादी आपोआप देणारी सोय) फॉरमॅट जेसन, म्हणजे प्रोग्रामला वाचता येईल असा, केला (१.७.९ पासून ही सोय आहे) की फोल्डरमध्ये काय काय आहे, नाव, प्रकार, आकार, शेवटचा बदल, हे सगळं आयतं मिळतं. पानावरचा कस्टम एलिमेंट (आपण स्वतः घडवलेला एचटीएमएल टॅग) ते मागवून घेतो आणि मांडतो. नोडमध्ये किंवा पीएचपीत स्वतः फोल्डर वाचणार असाल, तर मात्र पाथमधल्या '../'चा (म्हणजे 'एक फोल्डर वर जा') बंदोबस्त सगळ्यात आधी करा. मागितलेला पाथ पूर्ण सोडवून घ्या आणि तो मूळ फोल्डरच्या आतच आहे ना, हे शेवटच्या स्लॅशसकट तपासा. स्लॅश सोडलात तर 'गड' फोल्डरच्या परवानगीवर 'गड-खासगी'सुद्धा उघडतं.

झाडासारख्या मांडणीसाठी उघडझाप करणारे साधे डीटेल्स-समरी टॅग एकात एक घातलेत. एआरआयएचा (स्क्रीन रीडरसारख्या साधनांसाठीच्या खुणा) ट्री रोल दिला की बाणांच्या कळा, होम-एंड, फोकस, सगळं आपल्याला सांभाळावं लागतं. एवढ्या कामाला ते जास्तच होतं. फोल्डर उघडला तरच त्याची यादी येते. पायथ्याच्या गावात रेंज जेमतेम असते, तिथे हे फार उपयोगी पडतं.

खरा वेळ गेला तो देवनागरी नावांमध्ये, आणि लिहिण्यासारखं आहे तेही तिथेच.

आधी क्रम. जावास्क्रिप्टचं साधं सॉर्ट युनिकोडच्या आकड्यांवर चालतं, त्यामुळे 'क्षणचित्रे' हा फोल्डर 'क'च्या नावांत, घनगडाच्याही आधी येऊन बसतो. आपल्या वर्णमालेत तो हरिश्चंद्रगडानंतर हवा. इंटल कोलेटरला (जावास्क्रिप्टमधलं भाषेनुसार क्रम लावणारं साधन) 'एमआर', म्हणजे मराठी, लोकेल दिलं की तो तिथेच जातो. सोबत न्युमेरिक चालू करा, म्हणजे 'नकाशा १०' हा 'नकाशा २'च्या नंतर येतो. देवनागरी अंकांनाही ते लागू होतं.

मग शोध. हरिहरच्या फोल्डरमध्ये 'पायऱ्या' नावाचे बरेच फोटो आहेत. शोधात 'पायऱ्या' टाकलं की त्यातले काहीच सापडत होते, बाकीचे समोर दिसत असूनही नाही. कारण 'ऱ' दोन तऱ्हांनी साठवता येतो: एक तर स्वतंत्र अक्षर म्हणून, नाहीतर 'र' आणि त्यामागे नुक्ता असा जोडून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, कॉम्प्युटरला वेगळे. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस फाइलप्रणालीत नावं अशी सुटी करूनच ठेवली जातात, म्हणून वेगवेगळ्या कॉम्प्युटरवरून आलेल्या फाइलींत दोन्ही प्रकार मिसळतात. शोधताना टाकलेला शब्द आणि फाइलचं नाव, दोन्ही एनएफसीत, म्हणजे युनिकोडच्या जोडलेल्या प्रमाण रूपात, नॉर्मलाइझ केली की काम होतं. लिंकमध्ये मात्र मूळ नावच ठेवा, कारण डिस्कवर जे बाइट आहेत त्याच बाइटांची फाइल सर्व्हर शोधतो.

लिंक एनकोड करताना (नावातली अक्षरं '%'च्या कोडमध्ये बदलताना) पाथचा एकेक तुकडा वेगळा करा. सगळा पाथ एकदम दिलात तर स्लॅशही एनकोड होतात, आणि काहीच एनकोड केलं नाही तर नावातल्या '#'पाशी लिंक तुटते. लांबीकडेही लक्ष असू द्या. 'पायऱ्या' हा सात युनिकोड चिन्हांचा शब्द लिंकमध्ये ६३ अक्षरांचा होतो, कारण प्रत्येक बाइटची '%' धरून तीन अक्षरं होतात. डिस्कवर यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात आणि ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइलप्रणालीवर नावाची मर्यादा २५५ बाइट, म्हणजे एक्स्टेंशन धरून ८५च्या आसपास चिन्हं. फोटोच्या नावातच सगळा तपशील लिहायची सवय असलेल्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आता जीपीएक्सवर टॅप केलं की फाइल डाउनलोड न होता वाट थेट नकाशावर दिसावी, यावर काम चालू आहे. लीफलेट या नकाशाच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीवर कोणी हे केलं असेल तर हजारो बिंदूंची वाट मोबाइलवर अडखळू नये म्हणून बिंदू कसे कमी केलेत, ते जरूर सांगा.