तोफेचा कान

किल्ल्यावर तोफ दिसली की सगळे तिच्या तोंडाशी उभे राहून फोटो काढतात. माझं सांगणं, आधी मागे जा. बुडाजवळ वरच्या अंगाला एक बारीक भोक असतं, तो तोफेचा कान. त्यात रंजक, म्हणजे बारीक दारू घालून बत्ती दिली की आतला बार पेटायचा.

भरणं मात्र तोंडाकडून. आधी ओला कुंचा नळीत फिरवायचा. हे चुकलं तर मागच्या बाराची ठिणगी नव्या दारूला लागून ठासणाऱ्याचे हातच जायचे. मग दारू, बोळा, गोळा, आणि गजाने घट्ट ठासणं. गोळा दारूपर्यंत न पोचता मधेच अडकला तर नळी फुटण्याचा धोका.

दर बाराला तापलेला वायू कान कुरतडत जातो. भोक रुंदावलं की दाब तिथूनच निसटतो. पळवता न येणारी शत्रूची तोफ निकामी करायलाही हाच कान सोपा: लोखंडी खिळा ठोकायचा.

विजापूरची मलिक-ए-मैदान नक्की बघा. मुहम्मद बिन हसन रूमीने १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली, वजन सुमारे ५५ टन, नळीचा आतला व्यास जवळपास ७० सेंमी. आणि ती काशाची, म्हणजे तांबं-कथलाच्या मिश्रधातूची आहे, लोखंडाची नव्हे. ओतीव लोखंड ठिसूळ, ते अचानक फुटून तुकडे उडतात; कासं चिवट, बहुधा आधी फुगतं, चिरतं. गोलंदाजाला तेवढी सूचना पुरायची.