बोटीचा ट्रेलर: वजन जुळलं, ब्रेक बसले, दिवे बाकी

वजनाची बेरीज झाल्याशिवाय एकही सुटा भाग विकत घेऊ नये. बोटीचा नुसता सांगाडा 420 किलो, 40 अश्वशक्तीचं आऊटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन) 100, 50 लिटर पेट्रोल 37, बॅटरी 20, नांगर आणि साखळी 15. झाले 592. ट्रेलरचे स्वतःचे 230 धरले की 822 किलो. युरोपात आणि ब्रिटनमध्ये विनाब्रेक ट्रेलरची मर्यादा 750 किलो आहे, म्हणून ब्रेकचा एक्सल आला. माहितीपत्रकात बहुधा रिकाम्या सांगाड्याचंच वजन छापलेलं असतं, आणि हिशेब चुकतो तो तिथेच.

पुढचं काम कपलिंगवरच्या, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडणाऱ्या पुढच्या टोकावरच्या भाराचं. युरोपात एकूण वजनाच्या 5 ते 7 टक्के धरतात, म्हणजे इथे 41 ते 57 किलो. अमेरिकेत 10 ते 15 टक्के. कुठेही असलात तरी टो-बॉलच्या (कपलिंग ज्यावर बसतं त्या गाडीमागच्या गोळ्याच्या) प्लेटवर लिहिलेली मर्यादा ओलांडायची नाही. ट्रेलर सपाट जमिनीवर समपातळीत ठेवून कपलिंगखाली लाकडी ठोकळा आणि वजनकाटा लावला, तर आकडा आला 29. एवढ्या हलक्या नाकाने ट्रेलर वेगात शेपटीसारखा डोलतो. विंचचा (बोट ट्रेलरवर ओढून घेणाऱ्या चरखीचा) खांब आणि त्याला टेकलेली बोट 15 सेंटिमीटर पुढे सरकवल्यावर 53 भरले. एक्सल ते कपलिंग अंतर 3.7 मीटर आहे, तेव्हा 592 गुणिले 0.15 भागिले 3.7, म्हणजे 24 किलोची वाढ. गणित आणि काटा जुळले.

सुटण्याची केबल मात्र जपून लावा. ट्रेलर निसटला तर ती आधी हँडब्रेक ओढते, मग तुटते. ती टोबारच्या (टो-बॉल धरणाऱ्या गाडीमागच्या दांड्याच्या) ठरलेल्या कडीत अडकवायची. वळणावर ताण बसू नये इतकी सैल, रस्त्याला घासू नये इतकी आखूड. विंचच्या पट्ट्यावर बोट बांधलेली आहे असं समजू नका. मागच्या बाजूला दोन रॅचेट पट्टे (खटक्याने आवळायचे) हवेतच.

बेअरिंगचा घात पाण्यात होतो. प्रवासाने तापलेला हब (चाकाचा मधला भाग, ज्यात बेअरिंग असतं) थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. ग्रीस दुधाळ होतं, मग गंज. पाण्यात उतरवण्याआधी हब हाताला गार लागेपर्यंत थांबा. हबचा नट उघडला की तो अडकवून ठेवणारी स्प्लिट पिन दरवेळी नवी.

दिव्यांची पाटी अजून जोडायची आहे. ट्रेलरच्या दिव्यांना गाडीतून वीज देणाऱ्या सात पिनांच्या 12एन सॉकेटमध्ये 3 नंबरची पांढरी तार अर्थिंगची. इंडिकेटर लावल्यावर मागचे दिवेही मंद लुकलुकले तर आधी तीच तपासा. बॉलमधून मिळणाऱ्या अर्थिंगवर भरवसा नको. पाटी प्रोपेलरच्याही मागे येईल अशी बांधायची, प्रोपेलरला जाड आवरण, मागे दोन लाल त्रिकोणी परावर्तक आणि स्वच्छ दिसणारी नंबरप्लेट.