यांकीजना पुरून उरलेला पिचर: डेट्रॉईटच्या जुन्या मैदानावर

डेट्रॉईटच्या मध्यवस्तीतून मिशिगन अ‍ॅव्हेन्यूने पश्चिमेकडे निघाले, की कॉर्कटाऊन ही जुनी आयरिश वस्ती लागते आणि ट्रम्बुल रस्त्याच्या चौकात एक मैदान दिसते. 1912 ते 1999 या काळात डेट्रॉईट टायगर्स हा बेसबॉल संघ याच जागेवर खेळला. टायगर स्टेडियमची इमारत 2008-09 मध्ये पाडण्यात आली. आता तिथे मुलांच्या सामन्यांसाठी कृत्रिम हिरवळ अंथरलेली आहे आणि जुन्या खुणांपैकी 125 फूट उंचीचा ध्वजस्तंभ जागच्या जागी उभा आहे. मला इथवर आणले ते फ्रँक लॅरी या पिचरच्या, म्हणजे बॅटरकडे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूच्या, एका विलक्षण नोंदीने.

लॅरी अलाबामातल्या नॉर्थपोर्टचा. 1954 पासून तो टायगर्ससाठी चेंडू टाकू लागला आणि कारकीर्द संपली तेव्हा त्याच्या नावावर 128 विजय व 116 पराभव होते (बेसबॉलमध्ये संघाचा विजय वा पराभव एका पिचरच्या खात्यावर लिहिला जातो). त्यांपैकी न्यूयॉर्क यांकीजविरुद्धचे 28 विजय आणि 13 पराभव वजा केले, तर उरतात 100 विजय आणि 103 पराभव. म्हणजे इतर सगळ्या संघांसमोर हा पिचर जेमतेम बरोबरीत राहिला, आणि ज्या संघाने 1955 ते 1964 या दहा वर्षांत नऊ वेळा अमेरिकन लीग (अमेरिकेतल्या मेजर लीग या सर्वोच्च स्पर्धेच्या दोन गटांपैकी एक) जिंकली, त्याच्यासमोर मात्र तो हरला त्याच्या दुपटीहून अधिक वेळा जिंकला. 1958 च्या एकाच हंगामात त्याने यांकीजना सात वेळा हरवले. ‘यांकी किलर’ हे नाव त्याला उगाच पडले नव्हते.

मी होम प्लेटपाशी, म्हणजे बॅटर उभा राहतो त्या जागेपाशी, उभा राहून उजवीकडे, ट्रम्बुलच्या दिशेला, बराच वेळ पाहत होतो. उजव्या बाजूची सीमा इथून अवघ्या 325 फुटांवर होती आणि तिथल्या प्रेक्षागृहाचा वरचा मजला मैदानावर सुमारे दहा फूट पुढे आलेला होता, त्यामुळे उंच उडालेला साधा फटकाही त्या मजल्यावर पडून होम रन, म्हणजे सीमेपार जाऊन थेट धाव देणारा फटका, ठरू शकत असे. डावखुऱ्या बॅटरचे जोरदार फटके बहुधा उजवीकडे जातात, म्हणून ही रचना त्याच्या पथ्यावर पडणारी होती. यांकीजच्या बॅटरांपैकी योगी बेरा डावखुरा, रॉजर मॅरिस डावखुरा, आणि दोन्ही हातांनी खेळणारा मिकी मँटलही लॅरीसारख्या उजव्या हाताच्या पिचरसमोर डाव्या बाजूनेच उभा राहणार. असे बॅटर आणि इतकी जवळची सीमा डोळ्यांसमोर आणली, की 28 या आकड्याचे खरे वजन कळते.

हा निव्वळ योगायोग असेल का? शेकडो पिचर आणि अनेक दशके धुंडाळली, तर एखाद्याचे आकडे एखाद्या संघाविरुद्ध असे जुळून येणारच, ही शंका रास्त आहे. शिवाय पिचरच्या खात्यावरचा विजय त्याच्या संघाने किती धावा काढल्या यावरही ठरतो. तरीही मला योगायोगाचे उत्तर पटत नाही. 1960 पर्यंत लीगमध्ये आठ संघ होते आणि 154 सामन्यांच्या हंगामात प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी 22 वेळा गाठ पडत असे. यांकीजचे बॅटर लॅरीचे चेंडू वर्षानुवर्षे पाहत होते, त्याचा स्लायडर (शेवटी बाजूला वळणारा वेगवान चेंडू) त्यांच्या परिचयाचा होता, आणि परिचयाचा फायदा खरे तर बॅटरला व्हायला हवा. तसे झाले नाही. बलाढ्य संघासमोर काही खेळाडूंचे चित्त अधिक एकाग्र होते, असे मी मानतो, आणि लॅरी त्यांपैकी होता.

अर्थात, सर्वांत मोठ्या प्रसंगी ही जादू चालली नाही. 1961 मध्ये लॅरीने 23 सामने जिंकले आणि टायगर्स सप्टेंबरच्या आरंभी यांकीजच्या अगदी मागोमाग न्यूयॉर्कला पोहोचले. तिथे ते तिन्ही सामने हरले. दुसऱ्या सामन्यात लॅरीच्याच चेंडूवर मॅरिसने त्या हंगामातला आपला 52 वा होम रन मारला. हंगामअखेर टायगर्सचे 101 विजय झाले, यांकीजचे 109. एकशेएक सामने जिंकून दुसरे यावे, हे आजही मनाला लागते.

मग मी थर्ड बेसकडे, म्हणजे धाव घेताना लागणाऱ्या तिसऱ्या टप्प्याकडे, चालत गेलो. 1962 च्या हंगामाच्या सुरुवातीलाच, यांकीजविरुद्धच्या सामन्यात, स्वतः बॅटिंग करताना लॅरी एका फटक्यावर थेट तिसऱ्या बेसपर्यंत धावला आणि त्या धावेत त्याच्या पायाचा स्नायू दुखावला. दुखरा पाय सांभाळत चेंडू टाकताना त्याची शैली बिघडली आणि त्याचा भार हातावर आला. आदल्या वर्षी 23 विजय मिळवणाऱ्या या पिचरला त्या हंगामात फक्त दोन विजय मिळाले, आणि 1965 नंतर तो मेजर लीगमध्ये दिसला नाही.