निसर्ग म्हणजे कोण?

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहिण्याचे निमंत्रण आले तेव्हा डोळ्यांसमोर उभी राहिली ती प्रयोगशाळेतली पाऱ्याची नळी आणि तिच्याशेजारी आपले शास्त्राचे सर. कोणते सर, हे आपल्या शाळेच्या विद्यार्थ्याला सांगावे लागू नये.

नववीच्या सहामाहीत ‘पिचकारीत पाणी वर का चढते?’ या प्रश्नाला मी ‘निसर्गाला पोकळी खपत नाही म्हणून’ असे उत्तर लिहिले होते. सरांनी पहिल्या शब्दाखाली तांबडी रेघ ओढून समासात विचारले, ‘निसर्ग म्हणजे कोण?’ आणि तो शब्द न वापरता उत्तर पुन्हा लिहून आणायला सांगितले. तिसऱ्या खेपेस ‘बाहेरच्या हवेचा दाब’ हे शब्द उतरले, तेव्हा त्यांनी मला नळीपाशी नेले. पारा ७६ सेंटिमीटरच्या आसपास थांबला होता आणि वर, नळीच्या बंद टोकापर्यंत, रिकामी काच होती. “पोकळी खपतच नसती, तर हा इथे कशाला थांबला असता?” एवढेच ते म्हणाले.

पुढे तत्त्वज्ञान शिकताना शास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइल यांचा १६८६ साली प्रसिद्ध झालेला, निसर्गाच्या रूढ कल्पनेची चिकित्सा करणारा ग्रंथ हाती आला आणि समासातली ती तांबडी शाई आठवली. हवा उपसण्याच्या यंत्रावर स्वतः प्रयोग केलेल्या या धर्मनिष्ठ माणसाला, ईश्वर आणि जडवस्तू यांच्यामध्ये ‘निसर्ग’ नावाची कोणी कारभारीण बसवणे मान्य नव्हते. जग हे स्ट्रासबर्गच्या प्रसिद्ध घड्याळासारखे आहे, एकदा रचून दिल्यावर त्याची चाके आपापले काम करतात, असे ते म्हणत. त्यांनी ‘निसर्ग’ या शब्दाचे आठ अर्थ वेगळे काढले आणि त्यांच्या जागी निरनिराळे शब्द सुचवले. आपण रोग्याची प्रकृती म्हणतो, विंचवाचा स्वभाव म्हणतो, देवाची सृष्टी म्हणतो; बॉइल यांना जे खटपट करून साधावे लागले, त्यातले बरेचसे मराठीत आधीपासून आहे, हे मी आज माझ्या विद्यार्थ्यांना दरवर्षी अभिमानाने सांगतो. त्या तासाची सुरुवात सरांच्याच प्रश्नाने होते.

वाद तिथे मिटला नाही. १६९८ मध्ये जर्मन तत्त्वज्ञ लाइब्निट्स यांनी, बॉइल यांच्या बाजूने लिहिणारे जर्मन विद्वान श्टुर्म यांना उत्तर देताना बजावले की, वस्तूंच्या ठायी स्वतःची कसलीच शक्ती उरली नाही, तर त्या ईश्वराची क्षणिक रूपे ठरतील आणि आपण थेट ईश्वर आणि निसर्ग एकच मानणाऱ्या स्पिनोझांपाशी जाऊन पोहोचू. मला हा आक्षेप अजूनही खोडता आलेला नाही. सरांपुढे तो ठेवायचा असे कितीदा ठरवले, पण सुट्टीत गावी आलो की चार दिवस इतर कामांत जात, आणि सर गेल्याची बातमी मला परगावीच कळली.

मागच्या वर्षी शाळेत आलो, तर प्रयोगशाळेच्या जागी संगणकांची खोली झाली होती. पाऱ्याच्या नळीविषयी कोणालाच काही सांगता आले नाही. उत्तरपत्रिका मात्र माझ्याजवळ आहे. तिच्यावरची तांबडी शाई आता विटकरी झाली आहे.