पाइप व्हॉल्व्हच्या तोंडाला लागेना

पाणीपुरवठ्याच्या एका प्रकल्पाची चिन्हं आमच्याकडे आली: पंप, गेट व्हॉल्व्ह, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. सगळी जुन्या इंकस्केपमध्ये, म्हणजे चित्रं काढायच्या एका प्रणालीत काढलेली एसव्हीजी, रेघा-वक्र आकड्यांत लिहिलेली चित्रं. हवं होतं व्हिजिओ या मायक्रोसॉफ्टच्या आकृत्या काढायच्या प्रणालीचं व्हीएसएसएक्स स्टेन्सिल, म्हणजे तयार चिन्हांचा संच. व्हिजिओ एसव्हीजी थेट घेतो, आणि तसं कुणीतरी करूनही पाहिलं होतं. पडद्यावर सगळं ठीक. पण व्हॉल्व्ह हलवला की पाइपची रेघ फ्लँज (पाइप जोडायची कडा) सोडून भलत्याच बाजूने येई, आणि ४० मिमीचा पंप ३७.५ मिमी भरे.

मापाचं कोडं सोपं होतं. इंकस्केप ०.९२ च्या आधी इंचाला ९० पिक्सेल धरी, आता ९६ धरतात. ९० भागिले ९६ म्हणजे ०.९३७५. रुंदी नुसत्या पिक्सेलमध्ये लिहिली असेल तर हा फटका बसतो.

रेघेचं दुखणं मात्र मुळातलं. एसव्हीजीत जोडबिंदू, म्हणजे रेघ चिकटायची ठरलेली जागा, ही गोष्टच नसते. आयात केल्यावर हाती येतो तो नुसता आकारांचा गट. म्हणून आयातीचा नाद सोडून मास्टरचं, म्हणजे स्टेन्सिलमधल्या मूळ चिन्हाचं, एक्सएमएल थेट लिहायला घेतलं. व्हिजिओ २०१३ पासून स्टेन्सिलची फाइल म्हणजे एक्सएमएल भरलेली झिपच आहे.

त्याच आवृत्तीत रेलक्यूबबेझटू ही ओळ आली, त्यामुळे बेझिए वक्र जसाच्या तसा उतरतो. तिच्यात बिंदू रुंदी-उंचीच्या अपूर्णांकात लिहायचे: एक्स भागिले रुंदी. वाय मात्र १ वजा वाय भागिले उंची, कारण व्हिजिओ खालच्या डाव्या कोपऱ्यातून मोजतो. सुटी उभी रेघ आली की रुंदी शून्य आणि भागाकार कोसळतो. अख्ख्या चिन्हाचा एकच शेप करून त्यात अनेक जॉमेट्री विभाग (रेघा-वक्रांच्या याद्या) टाकले की हे टळतं. मात्र एका शेपला भरणीचा रंग एकच, तेव्हा दुरंगी चिन्हाला गट करावाच लागतो. वर्तुळकंस बेझिएत बदलावे, पाव वर्तुळाच्या नियंत्रणबिंदूंसाठी त्रिज्येला ०.५५२३ चा गुणक पुरतो. ट्रान्सफॉर्म (सरकवणं, फिरवणं, लहान-मोठं करणं) आधी आकड्यांत मुरवून घ्यावेत आणि रेघेची जाडीही त्याच पटीत गुणावी. ही पायरी हमखास राहते, मग रेघा कुठे जाड, कुठे बारीक.

जोडबिंदू कनेक्शन विभागात, तेही सूत्रानं: उजव्या फ्लँजला रुंदी गुणिले १, उंची गुणिले ०.५. नुसता आकडा लिहिला तर चिन्ह ताणल्यावर बिंदू जागच्या जागी राहतो.

शेवटी झिप करताना बाहेरचा फोल्डर गुंडाळू नये. कंटेंट टाइप्सची फाइल झिपच्या मुळाशी नसेल तर व्हिजिओ फाइल उघडतच नाही.